माहिती मोजायची कशी? बातमी आणि भरवसा यांची गोष्ट

पावसाळ्याचे दिवस आहेत. तिसरा तास चालू आहे. शिपाई सूचनावही घेऊन वर्गात येतो. आपण वही उघडून वाचतो : 'उद्या शाळेला सुट्टी राहील.' पुढे वर्गात काय होते ते शिक्षकांना सांगायला नको!

आता समजा, हीच सूचना शनिवारी आली. उद्या रविवार, सुट्टी असणारच. मुले एकमेकांकडे बघतील आणि गुरुजींचे काहीतरी चुकले असे समजतील. शब्द तेच, अक्षरे तेवढीच. तरी एका दिवशी त्या वाक्यात मोठी बातमी होती आणि दुसऱ्या दिवशी काहीच नव्हते.

आणखी बारकाईने पाहू. बुधवारी वाचलेली तीच सूचना वर्गातल्या सगळ्यांना सारखीच नवी होती का? मुख्याध्यापकांनी ती स्वतः लिहिली, त्यांना तिच्यात नवे काही नाही. नदीपलीकडून येणाऱ्या मुलाने सकाळी पुलाला लागलेले पाणी पाहिले होते, त्याला सुट्टीची निम्मी अपेक्षा होतीच. गावातल्या मुलाला मात्र ती अगदी अनपेक्षित. मग 'या वाक्यात माहिती किती?' या प्रश्नाला एकच उत्तर आहे का? की प्रत्येक ऐकणाऱ्याचे उत्तर निराळे?

हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे दोन वेगवेगळ्या वाटांनी आला. एक वाट तारायंत्राच्या आणि टेलिफोनच्या तारांवरून आली. दुसरी आली तत्त्वज्ञ, विमागणिती आणि गुप्तलिपी फोडणारे यांच्याकडून. या दोन वाटा कशा मिळाल्या, हे आपण या लेखात पाहू.

खिळे मोजण्यापासून सुरुवात

१८३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सॅम्युएल मोर्स आणि त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल हे तारायंत्रासाठी लिपी तयार करत होते. प्रत्येक अक्षरासाठी टिंबे आणि रेघा ठरवायच्या होत्या. सगळ्या अक्षरांना सारख्याच लांबीच्या खुणा देणे सोपे होते, पण त्यात वेळ वाया गेला असता. म्हणून कोणती अक्षरे जास्त वापरात येतात याचा अंदाज त्यांनी छापखान्यातल्या खिळ्यांवरून घेतला. इंग्रजी 'ई'चे खिळे छापखान्यात सर्वांत जास्त ठेवावे लागतात, 'झेड'चे अगदी थोडे. म्हणून 'ई'ला एकच टिंब मिळाले, आणि क्वचित लागणाऱ्या अक्षरांना लांब खुणा मिळाल्या. नेहमीच्या गोष्टीवर कमी खर्च करायचा आणि दुर्मिळ गोष्टीवर जास्त, हे तत्त्व या लिपीत आले. त्यामागचे गणित मात्र पुढची शंभर वर्षे कोणी मांडले नव्हते.

माहितीला आकडा देण्याचा एक ठळक प्रयत्न बेल प्रयोगशाळेतल्या राल्फ हार्टली या अभियंत्याने १९२८ मध्ये केला. त्याचे म्हणणे असे, की संदेश पाठवणे म्हणजे अनेक पर्यायांतून एकाची निवड करणे. आपल्याकडे तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, पण शुभेच्छांच्या तारा अनेकांना आठवत असतील. ठराविक मजकुरांची क्रमांकवार यादी असे. पाठवणारा फक्त क्रमांक सांगे आणि पलीकडे पूर्ण वाक्य उमटे. तारेतून जात होती ती निवड, वाक्य नव्हे.

निवड मोजायची कशी? बुद्धिबळाच्या पटावरचे एक घर मनात धरा आणि विद्यार्थ्यांना फक्त 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायला सांगा. घरे ६४ आहेत. दर प्रश्नाला निम्मी घरे बाद करत गेल्यास बरोबर ६ प्रश्नांत घर सापडते. आडवी ओळ ठरवायला ३ प्रश्न, उभी ओळ ठरवायला ३. पर्यायांचा गुणाकार होतो (८ गुणिले ८), पण प्रश्नांची बेरीज होते (३ अधिक ३). गुणाकाराची बेरीज करणारे गणित म्हणजे लॉगॅरिदम, आणि हार्टलीने तेच वापरले. ऐकणाऱ्याच्या मनात काय चालले आहे याचा विचार त्याने हेतुपुरस्सर बाजूला ठेवला. अभियंत्याला मनाशी काय करायचे आहे?

शॅननचा आश्चर्यांक

हार्टलीच्या मापात एक उणीव होती. त्याने सगळे पर्याय सारखेच धरले होते. पण 'ई' आणि 'झेड' सारखे नाहीत, हे छापखान्यातल्या खिळ्यांनी आधीच सांगितले होते. ही उणीव १९४८ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्याच क्लॉड शॅननने भरून काढली. त्याचा लेख प्रयोगशाळेच्या तांत्रिक नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यातली मध्यवर्ती कल्पना आठवी-नववीच्या मुलांनाही समजावून सांगता येईल.

एखादी घटना घडण्याची संभाव्यता १/२ असेल, तर ती घडल्याच्या बातमीत १ बिट माहिती आहे. संभाव्यता १/४ असेल तर २ बिट, १/८ असेल तर ३ बिट, १/१६ असेल तर ४ बिट. घटना निश्चितच असेल, म्हणजे संभाव्यता १ असेल, तर शून्य बिट. थोडक्यात, गोष्ट जितकी अनपेक्षित तितकी तिची बातमी मोठी. 'बिट' हा शब्द शॅननला जॉन टुकी या गणितज्ञाने सुचवला होता.

सर्व शक्य बातम्यांच्या माहितीची, त्यांच्या संभाव्यतेनुसार वजन देऊन काढलेली सरासरी म्हणजे शॅननची 'एन्ट्रॉपी'. नाणे चोख असेल तर दर फेकीला सरासरी १ बिट. नाणे लबाड असेल आणि १० पैकी ९ वेळा छापच पडत असेल, तर सरासरी जेमतेम ०.४७ बिट. अशा नाण्याचा निकाल ऐकून आपण फारसे शिकत नाही, कारण तो आपल्याला बहुतेक ठाऊकच असतो.

संदेशाचा अर्थ काय, याच्याशी अभियंत्याला कर्तव्य नाही, असे शॅननने सुरुवातीलाच सांगून टाकले. त्याला लागणारी संभाव्यता मोजणी करून मिळत होती. लाखो अक्षरे तपासली की कोणते किती वेळा येते ते कळते. पण आपल्या सूचनावहीचे काय? येत्या बुधवारी सुट्टी मिळण्याची संभाव्यता किती? तो बुधवार एकदाच येणार. तो लाख वेळा आणून मोजता येणार नाही.

गंमत अशी, की हा प्रश्न शॅननच्याच पुढच्या एका प्रयोगात दडलेला होता. १९५१ मध्ये त्याने वाचकांना एक अपरिचित उतारा अक्षराअक्षराने ओळखायला लावला. आधीची अक्षरे सांगायची आणि पुढचे कोणते असेल ते विचारायचे. इंग्रजीची २६ अक्षरे आणि कोरी जागा मिळून २७ चिन्हे सारखीच संभाव्य मानली, तर प्रत्येक चिन्हात सुमारे ४.७५ बिट माहिती असायला हवी. पण आधीची १०० अक्षरे ठाऊक असणाऱ्या वाचकासाठी शॅननचा अंदाज ०.६ ते १.३ बिट एवढाच निघाला. बाकीची माहिती कुठे गेली? ती वाचकाच्या डोक्यात आधीच होती. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला त्याच जागी बसवले असते तर आकडा नक्कीच निराळा आला असता. हार्टलीने दाराबाहेर ठेवलेले मन असे खिडकीतून आत आले.

चौरस्त्यावरचा वाटसरू

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. त्यासाठी आपल्याला शॅननच्या आधी वीस-बावीस वर्षे, इंग्लंडमधल्या केंब्रिजला जायला हवे. तिथे फ्रँक रॅम्से नावाच्या तरुण गणितज्ञाने १९२६ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचा प्रश्न होता : एखाद्या गोष्टीवर माणसाचा किती भरवसा आहे, हे मोजता येईल का?

'मला फार खात्री वाटते' हे बोलणे मापाच्या कामाचे नाही. रॅम्सेने भरवसा कृतीवरून मोजायचे ठरवले. त्याचे उदाहरण असे : आपण चौरस्त्यावर आलो आहोत. दोनपैकी एक रस्ता बरोबर असावा असे वाटते, पण खात्री नाही. दूरवर शेतात एक माणूस दिसतो. शेत तुडवत जाऊन त्याला विचारायचे का? माणूस किती लांब आहे आणि चुकलो तर किती फेरा पडेल, यावर ते ठरेल. पण आपला आपल्या अंदाजावर किती भरवसा आहे, यावरही ते ठरेल. पूर्ण खात्री असेल तर एक पाऊलही वाकडे टाकणार नाही. अगदीच अंधारात असू तर बरेच चालू. म्हणजे विचारण्यासाठी आपण जास्तीत जास्त किती चालायला तयार आहोत, यावरून भरवसा मोजता येतो. या उदाहरणात शेतातल्या माणसाच्या उत्तराची किंमतही आपोआप मोजली जाते!

मग रॅम्सेने दाखवले, की भरवशाच्या मात्रांना संभाव्यतेचेच नियम पाळावे लागतात. समजा, एक जण म्हणतो, 'उद्या पाऊस पडेल यावर माझा ७० टक्के भरवसा आहे आणि पडणार नाही यावर ५० टक्के.' म्हणजे पाऊस पडल्यास १०० रुपये देणारी चिठ्ठी तो ७० रुपयांना घेईल, आणि न पडल्यास १०० रुपये देणारी ५० रुपयांना. आपण त्याला दोन्ही विकू. त्याचे १२० रुपये गेले आणि परत मिळणार १००. पाऊस पडो वा न पडो, २० रुपयांचा तोटा ठरलेला. विचारात विसंगती असेल तर ती अशी खिशाला जाणवते.

रॅम्से जानेवारी १९३० मध्ये, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी वारला. निबंध १९३१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. इटलीत ट्रिएस्ट येथील विमा कंपनीत काम करणारा ब्रुनो द फिनेत्ती स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचला आणि १९३७ मध्ये त्याने आपले विचार सविस्तर मांडले. त्याच्या मते संभाव्यता वस्तूंमध्ये नसते. ती, वस्तूंबद्दल अपुरे ठाऊक असलेल्या माणसापाशी असते.

केंब्रिजमधल्याच हॅरल्ड जेफ्रीज या भूभौतिकीतज्ञाचे म्हणणे थोडे निराळे होते. भरवसा मनात असतो हे त्याला मान्य होते. पण ज्यांच्यापाशी सारखाच पुरावा आहे, त्यांचा भरवसाही सारखाच असायला हवा, असा त्याचा आग्रह होता. त्याचा ग्रंथ १९३९ मध्ये आला. या जेफ्रीजचे एक शिष्य आपल्या परिचयाचे आहेत. कोल्हापूरचे डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजला त्याच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि परत येऊन तेव्हाच्या पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

पुराव्याचे वजन

दोन वाटा पहिल्यांदा जवळ आल्या त्या दुसऱ्या महायुद्धात. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे येणारी जहाजे बुडवत होत्या. त्यांचे संदेश एनिग्मा यंत्राने गुप्त केलेले असत. ब्लेचली पार्क येथे ॲलन ट्युरिंग आणि त्याचे सहकारी ते फोडण्याच्या कामात होते. यंत्राच्या चक्रांच्या मांडण्या पुष्कळ होत्या आणि त्या तपासणारी यंत्रे मोजकी. प्रत्येक शक्यता तपासत बसलो तर उत्तर येईपर्यंत जहाज तळाला गेलेले असणार. म्हणून अपुऱ्या पुराव्यावरून कोणत्या शक्यतेवर किती भरवसा ठेवायचा, हे ठरवणे भाग होते.

छिद्रे पाडलेले लांब कागद एकमेकांवर सरकवून जुळणारी छिद्रे मोजत. प्रत्येक जुळणी म्हणजे थोडा पुरावा. पुरावा मोजण्यासाठी ट्युरिंगने एक एकक ठरवले. कागद बॅनबरी गावात छापले जात, म्हणून एककाचे नाव 'बॅन'. एखाद्या पुराव्याने एका बाजूचे पारडे दुसरीच्या तुलनेत दसपट जड झाले, तर तो पुरावा १ बॅनचा. याचा दहावा भाग म्हणजे डेसिबॅन, सुमारे सव्वापट. माणसाला नुसत्या अंदाजाने जाणवेल असा भरवशातला लहानात लहान फरक साधारण एवढाच असतो, असे ट्युरिंगला वाटे. इथेही लॉगॅरिदमच, कारण पुरावेही गुणले जातात आणि त्यांच्या वजनांची बेरीज होते.

१९४३च्या सुरुवातीला ट्युरिंग अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत आला होता. तिथे शॅनन आणि तो चहाच्या वेळी भेटत, गप्पा मारत. पण दोघांनाही आपल्या गुप्तलिपीच्या कामाविषयी बोलण्याची मुभा नव्हती. एक जण पाठवणाऱ्याच्या बाजूने माहितीचे माप शोधत होता. दुसऱ्याने ऐकणाऱ्याच्या बाजूने ते वापरायलाही घेतले होते. ब्लेचली पार्कची हकीकत जगापुढे आली ती १९७०च्या दशकात.

हे माप वर्गात करून पाहता येते. दोन सारख्या पिशव्या घ्या. एकीत २० लाल आणि १० पांढऱ्या गोट्या, दुसरीत १० लाल आणि २० पांढऱ्या. मुलांना न सांगता एक पिशवी निवडा. त्यातून न बघता एक गोटी काढा, दाखवा, परत टाका आणि पिशवी हलवा. प्रत्येक लाल गोटी पहिल्या पिशवीचे पारडे दुप्पट जड करते, म्हणजे सुमारे ३ डेसिबॅन. प्रत्येक पांढरी तेवढेच वजन उलट बाजूला टाकते. लाल गोट्या पांढऱ्यांपेक्षा ४ने जास्त झाल्या, की पारडे १६ पट जड होते. म्हणजे ती पहिली पिशवी असण्यावर सुमारे ९४ टक्के भरवसा ठेवायला हवा.

गणित करण्यापूर्वी मुलांना आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहायला सांगावे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉर्ड एडवर्ड्स याने १९६०च्या दशकात असेच प्रयोग केले होते. पिशवीत लाल चकत्या ७० टक्के किंवा ३० टक्के, आणि १२ वेळा काढल्यावर ८ वेळा लाल. लोक बहुधा ७० ते ८० टक्के म्हणत. खरे उत्तर ९७ टक्के आहे. पुरावा समोर असूनही आपण मत हळूहळूच बदलतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एखाद्याचा भरवसा सुरुवातीलाच शून्य असेल, तर शून्याला दोनाने कितीही वेळा गुणले तरी शून्यच. त्याच्यापुढे शंभर लाल गोट्या काढल्या तरी तो हलणार नाही. शिकण्यासाठी मनात थोडी तरी शंका शिल्लक असावी लागते.

परीक्षेत 'बहुधा'ला जागा आहे का?

१९५६ मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडली याने दोन्ही वाटा उघडपणे जोडल्या. एखाद्या प्रयोगाने किती माहिती मिळाली? प्रयोगापूर्वीच्या आपल्या अनिश्चिततेतून नंतरची अनिश्चितता वजा करा. अनिश्चितता मोजायला शॅननचे सूत्र वापरा, आणि संभाव्यता म्हणजे प्रयोग करणाऱ्याचा भरवसा समजा. सूचनावहीच्या कोड्याचे उत्तर इथे मिळते. पुलावरचे पाणी पाहिलेल्या मुलाचा भरवसा १/२ होता, त्याला १ बिट मिळाली. गावातल्या मुलाचा १/१६ होता, त्याला ४ बिट. मुख्याध्यापकांना शून्य.

यातून शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा एक प्रश्न निघतो. मुलाच्या मनातला भरवसा आपल्याला कळणार कसा? नेहमीच्या बहुपर्यायी प्रश्नात एकच खूण करायची असते. पक्के ठाऊक असणारा, दोन पर्यायांत अडखळलेला आणि ठोकताळा मारणारा, तिघांची खूण सारखीच दिसते. 'मला नक्की माहीत नाही, पण बहुधा हे असेल' असे प्रामाणिकपणे म्हणायला उत्तरपत्रिकेत जागाच नाही.

द फिनेत्तीने १९६५ मध्ये नेमका हाच प्रश्न हाताळला. प्रत्येक पर्यायावर किती भरवसा आहे, ते विद्यार्थ्याला लिहू द्यावे. पण गुण कसे द्यायचे? बरोबर पर्यायावर जेवढे टक्के तेवढे गुण, ही सोपी रीत घातक आहे. ज्याचा भरवसा ७० टक्के आहे, त्याने सरळ १०० लिहिणेच फायद्याचे ठरते. पद्धतच मुलाला फुशारकी शिकवते.

आता गुणांऐवजी दंड मोजू, आणि दंड म्हणजे योग्य उत्तर कळल्यावर मुलाला बसलेला धक्का, बिटमध्ये. दोन पर्यायांचा प्रश्न आहे आणि मुलाचा खरा भरवसा ७० टक्के आहे. त्याने ७० लिहिले तर सरासरी दंड ०.८८ बिट. फुशारकीने ९० लिहिले तर १.१० बिट. भीतीने ५० लिहिले तर १ बिट. सर्वांत कमी दंड प्रामाणिक उत्तराला! आणि हा ०.८८ म्हणजे शॅननच्या सूत्रातून येणारी एन्ट्रॉपीच. टेलिफोनच्या तारेसाठी काढलेला आकडा प्रामाणिक शंकेचा आकडा निघाला. संगणकाला भाषा शिकवताना आज त्याला पुढचा शब्द ओळखायला लावतात, तेव्हाही चुकीचा दंड याच मापाने मोजतात.

या मापात १०० टक्के लिहून चुकणाऱ्याला अमर्याद दंड बसतो. वर्गासाठी ते फारच कडक. म्हणून अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर याने १९५० मध्ये सुचवलेली वर्गाची रीत बरी. 'उद्या शाळेच्या वेळेत पाऊस पडेल' यावरचा भरवसा मुलांनी ० ते १० असा लिहावा. पाऊस पडला तर १० मधून, न पडला तर ० मधून तो आकडा वजा करून फरकाचा वर्ग करावा. हा झाला दंड. ७ लिहिले आणि पाऊस पडला तर दंड ९, नाही पडला तर ४९. या रीतीतही प्रामाणिक आकडाच सर्वांत स्वस्त पडतो. द फिनेत्तीने रोमला विद्यार्थ्यांकडून फुटबॉल सामन्यांचे अंदाज घेऊन अशीच स्पर्धा चालवली होती.

जून-जुलैत पंधरा दिवस हा खेळ चालवून पाहावा. लॉगॅरिदम लागत नाही, साहित्य लागत नाही, फक्त चिठ्ठ्या आणि फळ्याचा एक कोपरा. पहिल्या दोन दिवसांत ० आणि १० लिहिणारी मुले बरीच असतील. आठवड्याभरात तीच मुले ३, ६, ८ लिहू लागली आणि लिहिण्यापूर्वी खिडकीबाहेर आभाळाकडे पाहू लागली, तर आपला तास सत्कारणी लागला असे समजावे.